चौथी मागणी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. साप्ताहिक सुट्टी. भांडी-कपडे आटोपले आणि निळा कोट उसवायला घेतला. दुकानाने ऑफिसर म्हणून दिलेला कोट, पण बाह्या अर्ध्या तळव्यापर्यंत. कुठल्या तरी पुरुषाच्या मापाने शिवून आला असणार. जुईनगरचा आमचा टेलर साध्या बाहीला चार दिवस लावतो आणि मला कोट बुधवारी हवा होता. अस्तर सोडवलं, दीड इंच आत दुमडलं, टाचण्या लावल्या आणि सुईत निळा दोरा ओवला.

आमच्या दुकानात डाळी पॅक करणारी एक बाई रविवारपासून कामावर नाही. सात वर्षं होती. तिचं काम गेलं ते मी लिहिलेल्या एका ओळीमुळे. ओळ खोटी असती तर खोडता आली असती. ती खरी होती.

मी या दुकानात तेरा वर्षं आहे. मॉलच्या तळघरातलं मोठं दुकान, किराण्यापासून फ्रिजपर्यंत सगळं मिळतं. पहिली नऊ वर्षं मी मागच्या पॅकिंग रूममध्ये काढली, नंतरची पुढे ग्राहकांत. पोत्यातली डाळ, रवा, साखर वजनकाट्यावर घ्यायची, पिशवीत भरायची, मशीनने तोंड बंद करायचं. दिवसभर उभं राहून. ही बाई माझ्यासमोरच्या टेबलावर तीन वर्षं होती. दुकानात तिला सगळे डाळवालीच म्हणायचे. तळोज्याकडच्या गावची. गावात दिराची चार मजली इमारत, हिच्या वाट्याला तळमजल्यावरची एक खोली. नवरा घरीच. मला ती पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणते. मी पक्क्या नोकरीवर, ती ठेकेदाराची. मला हिरवा एप्रन, तिला करडा. काम एकच.

पॅकिंगच्या बाईच्या अंगावर दाणे असतातच. केसांत, पदरात, एप्रनच्या खिशात, ब्लाउजच्या बाहीच्या दुमडीत. घरी जाऊन साडी झटकली की फरशीवर तूर, मसूर, मूग सांडायचे. माझी मुलगी लहानपणी ते वेचून डबीत ठेवायची. चिमण्यांना घालायची.

रोज संध्याकाळी सहाला पहिली पाळी सुटली की बायकांची झडती व्हायची. मागच्या दाराशी एक पडदा होता, तोही अर्धाच. सिक्युरिटीची बाई पिशवी उलटी करायची, डबा उघडायला लावायची, अंगावरून हात फिरवायची. पिशव्याही पारदर्शक प्लॅस्टिकच्या, कंपनीनेच दिलेल्या. आपल्याजवळ काय आहे ते सगळ्या जगाने बघायचं. इतक्या वर्षांत सवय झाली होती. सवय झाली म्हणून कुणाला बरं वाटत होतं असं नाही.

दोन वर्षांपूर्वी सिक्युरिटीला एक नवी बाई आली. तिने डाळवालीला पदर काढून झटकायला सांगितलं. पडद्याबाहेर पुरुषांची रांग उभी होती.

डाळवाली म्हणाली, “पडदा पुरा लाव, मंग सांग.”

“नियम आहे,” ती म्हणाली आणि तिने पदराला हात घातला.

“हात काढ. नायतर तो हात घरी नेशील का नाय, कोनास ठाव.”

सिक्युरिटीवाली म्हणाली, झडती दिल्याशिवाय दार उघडणार नाही. डाळवाली म्हणाली, नको उघडूस, आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्या मागे ठेक्यावरच्या सगळ्या बसल्या. मग आम्ही हिरव्या एप्रनवाल्याही बसलो. खरं सांगायचं तर बाकीच्या बसल्या म्हणून मी बसले. उभी राहिले असते तर वेगळी दिसले असते.

तेव्हाचा मॅनेजर धावत आला. तोंडाचा फाटका माणूस. दिवसभर ओरडायचा, पण पोराला ताप आहे म्हटलं की, “जा मावशी, उद्या दोन तास जास्त थांब,” म्हणून सोडायचा. तो सिक्युरिटीवालीवर ओरडला, मग आमच्यावर ओरडला आणि शेवटी त्याने स्वतःच दार उघडलं. तेवढ्यावर भागलंही असतं. पण टीव्ही-फ्रिज विभागातला एक सेल्समन हे सगळं बघत होता. दुसऱ्याच दिवशी तो सगळ्यांना म्हणायला लागला, “आता नाही तर कधीच नाही. युनियन करू.” पुढे तोच सेक्रेटरी झाला.

जुईनगरमध्ये एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्या मीटिंगा झाल्या. मागण्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. पहिली मागणी, पाच वर्षांवरच्या ठेक्याच्या कामगारांना पक्कं करा. दुसरी, कॅश काउंटरला बसायला स्टूल द्या. तिसरी, साप्ताहिक सुट्टी ठरलेल्या वारी द्या आणि तिचा तक्ता लावा. चौथी झडतीची. ती कशी लिहायची यावर बराच वेळ गेला. कुणी म्हणे पडदा पूर्ण हवा, कुणी म्हणे खोली हवी. शेवटी मी लिहिलं, “महिलांची तपासणी बाहेरच्या व्यक्तीने न करता आपल्यातल्याच वरिष्ठ महिलेने करावी व तिची नोंद लेखी ठेवावी.”

लेखीचा आग्रह माझा. तोंडी काही नको, सगळं कागदावर हवं, असं मी प्रत्येक मीटिंगला सांगायचे. तोंडी दिलेलं कसं परत घेतात ते मी बघितलं होतं.

झडतीच बंद करा, असं लिहावं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. एकीच्याही. डाळवालीच्यासुद्धा नाही. ती म्हणाली, “बरोबर लिवलंस, बाय. आपली बाई आसली म्हंजे लाज नाय.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. झडती ही पावसापाण्यासारखी असायचीच, फक्त छत्री चांगली हवी, असा आमचा हिशेब.

युनियनची नोटीस गेली आणि महिन्याभरात मॅनेजर बदलला. जुन्याला दुसऱ्या शहरात पाठवलं. नवा आला तो कधी आवाज चढवत नाही. आम्हाला ‘मॅडम’ म्हणतो. पण मुलगी आजारी आहे म्हणून दोन तास सोडा म्हटलं, तर म्हणतो, “मॅडम, तीन दिवस आधी फॉर्म भरायचा असतो.” मुलगी तीन दिवस आधी कळवून आजारी पडत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “सगळं लेखी हवं, ही तुमचीच मागणी आहे ना?” हजेरीला बोटाचं मशीन आलं. पाच मिनिटांचा उशीरही कागदावर यायला लागला. पूर्वी शिव्या खायच्या आणि सूट मिळायची. आता दोन्ही बंद.

फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. करार झाला. कॅशवरच्या पोरींना स्टूल मिळाले. मंगळवार माझा झाला, त्याला कुणी हात लावत नाही. आठ-आठ तास उभं राहिलेल्या बाईला विचारा स्टूल म्हणजे काय ते. झडतीचंही ठरलं. पक्क्या कामगारांची झडती होणार नाही, कंपनीचा त्यांच्यावर विश्वास आहे. ठेक्याच्या कामगारांची होईल, चौथ्या मागणीत लिहिलंय तशी, म्हणजे आपल्यातल्याच बाईकडून आणि लेखी.

पहिली मागणी करारात नव्हती.

कराराच्या दिवशी मागच्या दाराशी हारतुरे झाले. सेक्रेटरी म्हणाला, “चारातल्या तीन मिळाल्या. पोरींनो, टाळ्या!” करड्या एप्रनवाल्यांनीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर डाळवाली पुढे आली.

“दादा, आमचं काय झालं?”

“मावशी, आधी आपले पाय रोवू देत. तुमचं पुढच्या करारात, नक्की.”

“पुढचा करार कधी?”

“तीन वर्षांनी.”

“तवर आमी कुठं उबं ऱ्हायचं? तुमच्या पायावं?”

सगळे हसले. सेक्रेटरीही हसला. मीही हसले.

पण ती आस लावून होती. सात वर्षं झालीत, दोनदा ठेकेदार बदलला तरी दुकानाने तिलाच ठेवलं, म्हणजे पुढच्या खेपेला आपलं नाव पहिलं, हे तिचं गणित. मलाही ते खोटं वाटत नव्हतं. फक्त या करारानंतर दुकानात एकही माणूस पक्का घेतला गेला नाही, हे मी बघत होते. हिरवा एप्रन सोडून कुणी गेलं की जागेवर करडा येत होता. मॅनेजरला मी विचारलं तर म्हणाला, “मॅडम, पक्का माणूस आता महाग पडतो.” आम्हीच महाग केला होता.

यंदा दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर आम्हा सात जणींना केबिनमध्ये बोलावून पत्रं दिली. पदोन्नती. ऑफिसर. सातही जणी युनियनमध्ये पुढे पुढे करणाऱ्या होत्या, हे मला पत्र हातात घेतानाच कळलं. सेक्रेटरीचा लगेच फोन आला.

“ताई, सही करू नका. ऑफिसर झालात की सभासदांच्या यादीतून जाल. सात जणी गेलात तर आमच्यात राहतं कोण?”

“आणि नाही केली तर तू माझ्या दुखऱ्या गुडघ्याला खुर्ची देणार का?”

“पुढच्या करारात...”

“ठेव तो पुढचा करार.”

मी सही केली. गुडघ्यासाठी केली, खुर्चीसाठी केली आणि तेरा वर्षांनी कुणीतरी कागदावर आपल्याला ‘अधिकारी’ म्हटलं म्हणूनही केली. पेढे वाटले. पॅकिंग रूममध्ये गेले तर डाळवालीने पेढा अर्धा खाल्ला, अर्धा पदराच्या टोकाला बांधला.

“पेडा नवऱ्याला नेते. सायबीन झालीस गो बाय. आता वलखशील ना?”

“गप गं. ओळखायला काय झालं?”

“नाय म्हनजे, सायबांचे डोले कमजोर होतात असं म्हंतात.”

ओळख लगेचच दाखवायची वेळ आली. आपल्यातली वरिष्ठ महिला म्हणजे कोण, तर आम्ही ऑफिसर. आमच्या पाळ्या लागल्या. आता पडदा पूर्ण आहे, मी खुर्चीवर बसते, समोर टेबल, टेबलावर रजिस्टर. करड्या एप्रनवाल्या एकेक येतात. पारदर्शक पिशवी ठेवतात. मी वरवर बघते, अंगाला हात लावत नाही. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, ‘आढळलेली वस्तू’ असा रकाना आणि तिची सही. मी सगळ्यांपुढे ‘काही नाही’ लिहायचे. पहिले काही आठवडे हे असंच चाललं.

मग मॅनेजरने मला बोलावलं. “मॅडम, महिनाभर प्रत्येकीपुढे ‘काही नाही’? हे वाचून वरच्या ऑफिसला वाटेल तुम्ही बघतच नाही. पेन असेल तर पेन लिहा. नोंद खरी दिसली पाहिजे.”

मला ते पटलं. इथेच माझी चूक आहे. मला वाटलं, खरी नोंद केली तर कोण कशाला बोलेल? त्या दिवसापासून मी रुमाल, डबा, औषधाची पट्टी, सगळं लिहायला लागले. रकाने भरलेले छान दिसायचे.

गेल्या शनिवारी डाळवाली आली. पिशवीत डबा, छत्री. तिने नेहमीप्रमाणे एप्रनचा खिसा उलटा करून टेबलावर झटकला. तुरीचे दाणे सांडले.

“मोज,” ती म्हणाली. “आट हायेत. उद्याला आमटी करनार.”

मागच्या पोरी हसल्या. “मावशी, आम्हाला वाटीभर ठेवा,” एक जण म्हणाली.

“तुला एक दाना देईन, पाव्हनी आलीस तर.” मग मला म्हणाली, “लिव ना, सायबीन. रकाना रिकामा कशाला ठेवतेस? लिव, तूरडाल, आट दाने.”

मी लिहिलं. थट्टा म्हणून लिहिलं आणि रकाना खरा भरला म्हणूनही लिहिलं. दोन्ही. “डबा, छत्री, तूरडाळ ८ दाणे.” माझ्या नेहमीच्या वळणदार अक्षरात. तिने हसत हसत सही ठोकली. दाणे मी बोटाने कडेला ढकलले आणि पुढचीला बोलावलं.

रविवारी ती आली तेव्हा ठेकेदाराच्या माणसाने तिला मागच्या दारातच अडवलं. त्याच्या हातात एक छापील पत्र होतं. “तपासणीदरम्यान आपल्याकडे दुकानातील माल आढळून आला असून त्यावर आपली स्वतःची सही आहे.” दाण्यांचा माल झाला होता. मी तेव्हा पुढे ग्राहकांत होते. मला दुपारी कळलं, पॅकिंगच्या एका पोरीकडून. तिने सांगितलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

सोमवारी मी आधी मॅनेजरकडे गेले.

“आठ दाणे आहेत, साहेब. आठ. पॅकिंगच्या बाईच्या अंगावर असतातच.”

“मला माहीत आहे, मॅडम. मी कुठे काय म्हटलं? ती ठेकेदाराची कामगार आहे. त्यांनी रजिस्टरची प्रत मागितली, आपण दिली. तुमच्या मागणीपत्रात चौथ्या नंबरला आहे बघा, नोंद लेखी ठेवावी.”

ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “काढलं कुठे, ताई? बदली केली. खांदेश्वरला एका सोसायटीत जिने पुसायचंय. मोकळी हवा आहे.” तिथलं खातं वेगळ्या कंपनीच्या नावाचं, नोकरी पहिल्या दिवसापासून मोजणार. म्हणजे सात वर्षं इथेच संपली. पुढच्या करारातला पहिला नंबरही संपला.

मग सेक्रेटरीला गाठलं. तो फ्रिजचं दार पुसत होता.

“तू काहीतरी कर. युनियन तिच्यामुळे झाली.”

“माहितेय, ताई. मी विसरलो नाही.” त्याने कापड खांद्यावर टाकलं. “पण ती आपली सभासद नाही. मी कुठल्या नात्याने बोलू?”

“मग माझ्या वतीने बोल. ओळ मी लिहिली.”

त्याने फ्रिजचं दार लावलं. “तुम्हीपण सभासद नाही, ताई.”

त्याच्या आवाजात राग नव्हता.

रात्री जेवायच्या आधी तिला फोन केला. म्हटलं, मी लेखी देते, दाणे सगळ्यांच्याच खिशात असतात असं लिहून देते.

“तू लिवू नको आता,” ती म्हणाली. “तुझं अक्शर लय चांगलं हाय. सगल्यांना लगेच वाचता येतं.”

“अगं, मला काय माहीत होतं?”

“मला तरी काय? मीच बोलले, लिव.” मागे नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता. मग म्हणाली, “खांदेश्वरला जाईन. नाय जाऊन काय करू? तिथं झडती नसते म्हनं. जिन्यात काय चोरनार?”

आणि फोन ठेवला. एकदाही मला ‘बाय’ अशी हाक मारली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तर मंगळवारी मी बाह्या आखूड करत बसले होते. एक झाली, दुसरी झाली. घालून आरशात बघितलं. मनगटावर बरोबर बसल्या. मुलगी म्हणाली, “आई, शोभतो गं तुला.” मी तिला भाजी चिरायला पाठवलं.

मग टेबलापाशी बसून लिहायला घेतलं. ती नको म्हणाली होती, तरी. “मी, तपासणी करणारी अधिकारी, असे लिहून देते की शनिवारच्या नोंदीतील आठ दाणे हे पॅकिंगचे काम करताना एप्रनच्या खिशात पडलेले होते. ही चोरी नाही. मी स्वतः नऊ वर्षे हेच काम केले आहे आणि असे दाणे रोज घरी नेले आहेत.” शेवटचं वाक्य खोडू की ठेवू, असा विचार केला. हे वाक्य उद्या माझ्याविरुद्धही वापरता येईल. माझ्यामागे आता यादी नाही, युनियन नाही. ठेवलं. दोन प्रती केल्या. सुई आणि उरलेला निळा दोरा पर्समध्ये टाकला.

बुधवारी सकाळी अर्धा तास आधी गेले. ऑफिसमध्ये पत्रं घेणाऱ्या मुलीपुढे एक प्रत ठेवली आणि दुसरीवर पोच मागितली. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं.

“मॅडम, हे नक्की द्यायचंय?”

“शिक्का मार.”

तिने मारला. माझी प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. याने काही होईल असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण तेवढा कागद त्यांच्या फाइलमध्ये राहील.

तिथून पॅकिंग रूममध्ये गेले. डाळवालीच्या टेबलाशी एक नवी बाई उभी होती, विशीतली, करडा एप्रन कडक इस्त्रीचा. बाकीच्या माझ्याकडे पाठ करून पिशव्या लावत होत्या. मी म्हटलं, “एप्रन काढा सगळ्यांनी, पाच मिनिटं.” त्यांनी काढले, कारण मी ऑफिसर. मी स्टुलावर बसले, सुईत दोरा ओवला आणि एकेक एप्रनचा खिसा वरून शिवून टाकला. सात एप्रन, करड्यावर निळी टीप. पाळी सुरू व्हायच्या आत झाले.

नव्या बाईने आपला एप्रन हातात घेऊन उलटसुलट बघितला. “ताई, मग मोबाइल कुठे ठेवायचा?”

“लॉकरमध्ये,” मी म्हटलं, दोरा दाताने तोडला आणि पुढे काउंटरवर गेले.